सर्जाचे मागचे पाय

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला शाळेत जाऊ नये. तिथला क्लार्क आधी आपल्याकडे पाहतो, मग आपल्या पाठीमागे पाहतो आणि विचारतो, "पोट्टा कुठी हाय?"

"कोणता पोट्टा?"

"ज्याचा दाखला पाह्यजे तो."

"मीच तो."

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "कायले पाह्यजे?"

"ॲडमिशन घ्यायची आहे."

"कायची?"

"नाट्य-संगीताची," मी म्हणालो आणि जमेल तेवढी मान ताठ ठेवली.

क्लार्कने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, बाईंनी शिपायाला सांगितलं, आणि थोड्याच वेळात गणिताचे सर चालू तास सोडून मला पाहायला आले. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. तालुक्यातले लोक मला डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि ढोरंसुद्धा लाथ मारण्याआधी क्षणभर विचार करतात. पण त्या दिवशी मी त्या ऑफिसात असा उभा होतो, जसा गृहपाठ न केलेला मुलगा उभा असतो.

मुकुटबनच्या पलीकडचं ते खेडं. दाखला घेऊन बसमध्ये बसलो आणि घडी उघडली. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, "बरी".

आता सांगा, जगात कोणाच्या दाखल्यावर "बरी" असतं? सगळ्यांच्या दाखल्यावर "चांगली" असतं. पुढे दरोडे घालून तुरुंगात गेलेल्यांच्या दाखल्यावरसुद्धा "चांगली" असतं, कारण शाळेत असताना त्यांनी दरोडे घातलेले नसतात. मी असं काय केलं होतं, ते पांढरकवड्यापर्यंत आठवत बसलो. काही सापडलं नाही. यवतमाळपर्यंत आठवलं. मग बाभुळगावची बस लागलेली दिसली आणि मी तो विषय सोडून दिला. म्हणजे, सोडून दिला असं घरी सांगितलं.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या गावातल्या कॉलेजात संध्याकाळी कम्युनिटी कॉलेज भरतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण मला अजून प्रमाणपत्र मिळायचं आहे. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, असे तिथले वर्ग. या वर्षी त्यात नाट्य-संगीताची भर पडली. वर्गाचे प्रमुख प्राध्यापक संघदीप, आणि त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवणारी मॅडम म्हणजे आमची एकुलती एक मुलगी निशिगंधा. दोघांनी मिळून एक संगीत विनोदी नाटक लिहिलं होतं, 'बैलोबाची वरात'. सरपंचाच्या पोरीची वरात निघते आणि नेमक्या त्याच दिवशी त्याचा लाडका बैल सर्जा हरवतो, अशी गोष्ट. त्यात म्हाताऱ्या माणसांची कामं बरीच होती. मागच्या गॅदरिंगला एका पोराने कापसाची दाढी चिकटवून आजोबा केला होता आणि भर संवादात ती दाढी समोरच्या नटाच्या शालीला चिकटून निघून गेली होती. म्हणून या वेळी खरी म्हातारी माणसं घ्यायची ठरली. बसस्टँडवर फ्लेक्स लागला: "वयाची अट नाही. वर्गात प्रवेश घेतलेल्यांसाठीच ऑडिशन."

मी सरपंचाच्या भूमिकेवर डोळा ठेवला. त्याला एक मोठं गाणं होतं.

"कलेसाठी," मी घरी सांगितलं.

निशूची आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "पोरीसंगं दोन घटका बसाले भेटते म्हणून चाल्ले, असं सांगा ना सरळ."

"गळा आहे मला."

"गळा त सगळ्याइलेच असते."

निशू जूनमध्ये हैदराबादला जाणार होती, पुढच्या शिक्षणासाठी. या हिवाळ्यात ती घरी असून नसल्यासारखी होती. सकाळी तिचं आवरणं, दुपारी झोप, संध्याकाळी तो वर्ग, आणि जेवताना ताटाशेजारी मोबाइल. मी कधी विचारलं, "काय चाललंय?", तर ती म्हणायची, "काई नाई, बाबा." माणूस बोलतो कुठे, तर जिथे त्याचं काम असतं तिथे. म्हणून मी तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं ठरवलं. पण हे तिच्या आईला कशाला सांगा?

निशूला मात्र काही कळू द्यायचं नाही, असं मी घरात बजावलं. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या अख्ख्या लेआउटला, म्हणजे कॉलनीला, कळलं, आणि फक्त निशूला कळलं नाही.

प्रवेशाच्या खिडकीवर वैष्णवी नावाची मुलगी बसते. तिने माझे कागद दोनदा चाळले. "सर, तुमचा गॅप आहे."

"म्हणजे?"

"शिक्षणात खंड. शेवटची परीक्षा आणि ही ॲडमिशन, याच्यामधला."

"किती चालतो?"

"वर्ष, दोन वर्ष."

माझा खंड तिच्या वयापेक्षा मोठा होता. त्या खंडात मी नोकरी धरली, लग्न केलं, घर बांधलं, एक मुलगी वाढवली आणि तालुक्यातली यच्चयावत गाई-म्हशी टोचून काढल्या. त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं म्हणे. तहसीलसमोर टायपिंग करणाऱ्याकडे गेलो, तर त्याच्याकडे मजकूर तयारच होता: "सदर कालावधीत मी कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला नसून घरीच होतो." मी हरकत घेतली. तो म्हणाला, "साहेब, हेच चालते. दुसरं काई लिहिलं त मंग त्याचे पुरावे लागतीन." मी सही केली. घरी निशूच्या आईने ते वाचलं आणि इतकंच म्हणाली, "घरी कवा होते तुमी?"

आता गळ्याकडे येऊ. आमच्या समोर सदाशिवराव राहतात. तलाठी म्हणून रिटायर झाले. तरुणपणी त्यांनी गणपतीतल्या एका नाटकात दूताचं काम केलं होतं. "महाराज, शत्रू वेशीवर आला आहे" एवढंच वाक्य, पण ते वाक्य त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही. पाहुणे आले तरी ते तसेच आत जाऊन सांगतात.

"आवाज कमवाचा असन ना भाऊ, त हिरीत उतरा," ते म्हणाले. "गयाइतक्या पान्यात उभं राहून सा लावाचा."

"लेआउटमध्ये विहीर कुठंय?"

"मंग टाक्यात उतरा."

टाक्यात उतरलो असतो, पण ते पाणी आम्हीच पितो. म्हणून दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत रियाज सुरू केला. तिसऱ्याच दिवशी उकंडा नावाचा शेतकरी धापा टाकत आत आला. त्याची गाभण गाय बाहेर झाडाला बांधलेली होती.

"डॉक्टरसाहेब, गायीले काई झालं का? अशी काहून वरडली?"

"गाय नव्हती, उकंडाभाऊ. मी होतो."

उकंडाने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "तरास व्हते का लय?"

आणि त्याने मला हळदीचं दूध सांगितलं. सदाशिवरावांच्या मैनाबाईंनी तूप-मिरी सांगितली आणि स्वतः वाटीत आणून दिली. निशूच्या आईने ज्येष्ठमध आणला. कंपाउंडरने कांद्याचा रस सांगितला, तो त्याच्या मामाला लागू पडला होता. मात्र मामाला नक्की काय झालं होतं, ते त्याला आठवेना. आमच्याकडे सल्ला न ऐकणं म्हणजे सांगणाऱ्याच्या घरी पाणी न पिता उठण्यासारखं आहे. मी कोणाला दुखवलं नाही. सगळं घेतलं, आणि एकाच दिवशी घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी ऑडिशन होती.

सकाळी उठून मी निशूच्या आईला चहा मागितला. ती दचकून दाराकडे पाहायला लागली, कोण आलं म्हणून.

ऑडिशन कॉलेजच्या हॉलमध्ये होती. व्हरांड्यात बाकावर सदाशिवराव बसलेले दिसले. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर फेटा, मिशीला तेल.

"तुम्ही इथं?" मी विचारलं. विचारलं म्हणजे, घशातून काहीतरी खरवडून काढलं.

"आलतो असाच. सहज."

"फेटा बांधून?"

"थंडी हाय ना."

मग कळलं, त्यांनी माझ्याआधी प्रवेश घेतला होता आणि त्यांनाही सरपंचच हवा होता. माझा गुरूच माझ्या मुळावर उठलेला. वर त्यांनी खिशातून स्वतःचा दाखला काढून दाखवला. वर्तणूक: "उत्तम". शाळेत असल्यापासून हा माणूस असाच वागत आला असणार.

माझं नाव पुकारलं. आत टेबलामागे संघदीप सर आणि त्यांच्या बाजूला निशू. समोर खुर्च्यांवर वर्गातली पोरं-पोरी. निशू यादीवर खूण करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आपलं नाव?"

वर्गात ती फार शुद्ध बोलते. घरी आमच्यासारखीच बोलते, पण हे मला नवीन होतं.

"राजकुमार डोमाजी भोयर," मी म्हणालो.

पेन थांबला. तिने वर पाहिलं. मी हसलो. ती हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी ताप चढताना व्हायच्या, तशा.

"काका, तुम्ही... बाबा... सर, तुम्ही इथं काय करून राह्यले?" तिची शुद्ध भाषा तेवढ्यात घसरली.

"ऑडिशन," मी म्हणालो.

संघदीप सर समजूतदार माणूस. त्यांनी घसा खाकरला. "भोयर साहेब, सरपंचाच्या गाण्याचा मुखडा आणि प्रसंग तुम्हाला प्रवेशासोबतच दिलाय. आधी मुखडा. होऊ द्या."

मी डोळे मिटले, सा लावला आणि वर गेलो. म्हणजे मी वर गेलो. आवाज खालीच राहिला. तूप, मिरी, हळद, कांदा, ज्येष्ठमध यांनी आपसात काय ठरवलं होतं कोण जाणे. जे बाहेर आलं ते ऐकून मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "माय वो!" एकजण हसला, मग दुसरा, मग अख्खा हॉल. मी मात्र मुखडा पूर्ण केला. माणसाने सुरू केलेलं काम टाकू नये. प्रसूतीत अडकलेल्या म्हशीपासून मी कधी पळालो नाही, गाण्यापासून कसा पळणार?

"आवाजात," संघदीप सर शब्द शोधत म्हणाले, "जमीन आहे तुमच्या."

मग अभिनयाची परीक्षा. प्रसंग असा: पोरगी सासरी निघाली आहे, पाया पडायला वाकते, आणि सरपंच तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत बैलासाठी रडतो, "माह्या सर्जा रे! कुठी गेला रे तू?" पोरगी तीनदा "बाबा, मी निघते" म्हणते आणि तो तिला "हो हो, जा" म्हणून पुन्हा बैलाच्या नावाने गळा काढतो. लोक पोट धरून हसतील असा प्रसंग. पोरीचं काम करणारी प्रियंका आली नव्हती, म्हणून निशू स्वतः टेबलामागून उठली. तिने ओढणी डोक्यावर घेतली, खांद्याला स्वतःचीच बॅग अडकवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी निघते," ती म्हणाली.

मला वाक्य पाठ होतं. आठवडाभर ते मी गाईंसमोर म्हटलं होतं. हात वर करायचा होता, पलीकडे पाहायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. बॅगेची एक चेन उघडी होती.

"स्वेटर घेतलं का?" मी विचारलं.

हॉल पुन्हा हसला. हे वाक्य संहितेत नव्हतं. निशूने ओठ आवळले आणि पुन्हा म्हणाली, "बाबा, मी निघते."

"तिकडे थंडी नसते म्हणतात," मी म्हणालो, "पण राहू दे एखादं."

या वेळी कोणी हसलं नाही. एकाने खुर्ची सरकवली, तिचा आवाज झाला. निशूने हातातल्या कागदांकडे पाहिलं. संहिता तिनेच टाइप केली होती, पण पुढचं वाक्य तिला सापडत नव्हतं. मग वळून टेबलामागे गेली, खाली बसली आणि यादीवर खूण करून म्हणाली,

"पुढचे."

माझ्या पोटच्या पोरीने मला "पुढचे" म्हटलं. मी बाहेर आलो. सदाशिवराव फेटा सावरत आत शिरले, आणि थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या. त्यांनी तर सर्जासाठी जमिनीवर लोळण घेतली म्हणे. धोतराची इस्त्रीसुद्धा पाहिली नाही. त्या बाबतीत मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नावं लागली. सरपंच: सदाशिवराव. मी खाली खाली वाचत गेलो. पाटील नाही. भटजी नाही. वरातीतले पाहुणे, त्यातही नाही. अगदी तळाशी लिहिलं होतं:

सर्जा (पुढचे पाय): पिंटू.
सर्जा (मागचे पाय): राजकुमार भोयर.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो नाही. म्हणजे बसलो, पण भाकरीकडे पाहत बसलो. निशूने आज मोबाइल ताटाशेजारी ठेवला नव्हता.

"बाबा, नाराज हाय का?"

"नाही. ज्या माणसाने तुला सायकल शिकवली त्याला तू बैलाचं ढुंगण दिलं, त्यात नाराज काय व्हायचं?"

"मागचे पाय," ती म्हणाली. "ढुंगण वेगळं."

"वेगळं कसं? मध्ये कोणी तिसरा आहे का?"

निशूची आई कढी वाढता वाढता पदर तोंडाला लावून आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"तुमाले सरपंच कशी देऊ, सांगा," निशू म्हणाली. "सरपंचाले पोरीचं काईच वाटत नाई. त्याले बैलाचं वाटते. लोक हसते ते त्याच्यासाठीच. तुमाले तेवढं एकच जमत नाई."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"आन् मागचे पाय लय महत्त्वाचे हायेत," ती म्हणाली. "पुढच्याले निदान भोकातून दिसते. मागच्याले विश्वासावर चालावं लागते. कोणालेबी देता येत नाई ते."

तेवढ्यात सदाशिवराव कळंबच्या चिंतामणी गणपतीचं दर्शन करून पेढे घेऊन आले. "भाऊ, आता माह्या बैलाची काळजी तुमच्याच हाती," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली जशी पोळ्याला बैलाच्या मारतात. मी पेढा घेतला. चांगला होता.

तालमी सुरू झाल्या. बैल म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर पांढरं कापड, कापूस भरलेलं वशिंड आणि कागदाची शिंगं. मी आत वाकायचो आणि पिंटूच्या कमरेचा पट्टा धरायचो. पिंटू मोबाइल दुरुस्तीच्या वर्गातला, चांगला मुलगा, पण तालमीला येण्याआधी लसणाची चटणी खाऊन यायचा. आत हवा खेळत नाही. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी मी हरकत घेतली की बैल असा चालत नाही. मागचा पाय आधी उचलला जातो, मग त्याच बाजूचा पुढचा. मी सांगाड्यातून डोकं काढून सगळं समजावून सांगितलं. नोकरीत मी जेवढे बैल पाहिले तेवढी माणसं पाहिली नाहीत.

निशूने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, हा विनोदी बैल आहे."

"हो, मॅडम," मी म्हणालो आणि परत आत गेलो.

मॅडम म्हणायचं हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. वर्गात ती मला सर म्हणायची, मी तिला मॅडम. वर्ग सुटला की ती स्कूटी काढायची आणि मी मागे बसायचो. माझी मोटरसायकल आहे, तिला काही झालेलं नव्हतं, पण मी ती त्या दिवसांत बिघडलेली ठेवली. रस्त्यात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या लागायच्या, त्यांच्यामागे आम्हाला सावकाश जावं लागायचं. कोपऱ्यावरच्या गाडीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगा मिळतात, तिथे आम्ही थांबायचो. आधी ती फक्त माझ्या चुका सांगायची. डावा पाय, उजवा पाय, शेपटी हलवण्याची वेळ. मग एके दिवशी शेंग सोलता सोलता म्हणाली, "बाबा, मले तेलुगू येत नाई."

"शिकशील."

"तिथं कोणी आपल्यासारखं बोलनार नाई."

"मला फोन कर. मी बोलीन."

ती हसली आणि शेंगेतले दाणे माझ्या हातावर ठेवले. तिला हैदराबादची भीती वाटते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती सगळ्यांना सांगत होती की तिला कधी एकदा जाते असं झालंय. मी हे तिच्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. अख्खा लेआउट पुढच्या रांगेत. मैनाबाई नवऱ्याला पाहायला नवं लुगडं नेसून आलेल्या. उकंडा दोन पोरांना खांद्यावर घेऊन आलेला, आणि भेटेल त्याला सांगत होता, "आमचे डॉक्टरसाहेब हायेत त्याच्यात. दिसनार नाईत, पन हायेत."

पहिला अंक संपत आला आणि पिंटूचा पत्ता नाही. सर्जा दुसऱ्या अंकात सापडतो, म्हणून घाई नव्हती, पण मग संघदीप सरांच्या फोनवर त्याचा निरोप आला: "सर, मले पाहाले अचानक वणीचे पावणे आले. मोठे लोक हायेत. बाबा सोडून नाई राह्यले. माफ करजा."

"आता?" संघदीप सर कपाळाला हात लावून म्हणाले. "बैलाचं पुढचं अंगच नाही."

मी एकट्याने दोन्ही बाजू सांभाळायची तयारी दाखवली. कोणी लक्ष दिलं नाही. निशूने गळ्यातलं ओळखपत्र काढून सरांच्या हातात दिलं, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि सांगाडा उचलला.

"चाला, बाबा," ती म्हणाली.

आत अंधार होता. बांबू, खळ आणि जुन्या कापडाचा वास, आणि त्या दिवशी लसूण नव्हता. मी वाकलो आणि तिच्या कमरेला बांधलेल्या ओढणीची दोन टोकं धरली. बाहेर ढोलकी वाजली. आम्ही निघालो.

मंचावर काय झालं, ते मला लोकांनी नंतर सांगितलं. मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. ती डावीकडे वळली की मी वळायचो, ती थांबली की मी थांबायचो. कोणी शिट्टी वाजवली, कोणी ओरडलं, "सर्जा आला रे!" सदाशिवरावांनी आमच्या गळ्यात पडून असा काही टाहो फोडला की कागदाचं एक शिंग वाकलं. मग वरातीचं गाणं सुरू झालं आणि आम्ही नाचलो. मी शेपटीची दोरी ओढायची विसरलो, निशूने मागे लाथ मारून आठवण करून दिली, आणि ती लाथसुद्धा लोकांना आवडली. माझी पाठ मोडायला आली होती. आत घाम गळत होता. तिचा दम लागल्याचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मधूनच हसल्याचा.

गाणं संपलं. वरात एका बाजूने निघून गेली. आता शेवटचं: सरपंच कासरा धरून सर्जाला दुसऱ्या बाजूने घरी नेतो, आणि पडदा. आम्ही चालायला लागलो. टाळ्या पडत होत्या. विंगेत संघदीप सर हाताने "लवकर, लवकर" करत असणार, कारण पडदेवाला दोरी धरून उभा होता. मीही मागून जरा पाय उचलले.

तेव्हा पुढून, अंधारातून, अगदी हळू आवाजात निशू बोलली.

"बाबा, उलसं हळू चाला ना. मले काई घाई नाई."

मी हळू झालो. ती अजून हळू झाली. मग आम्ही थांबलोच. मंचाच्या मधोमध, आम्ही दोघं वाकलेले, आणि बाहेर लोकांना वाटलं बैल रुसला. हशा आला. सदाशिवराव मुरलेले नट, त्यांनी लगेच वाक्य जुळवलं, "चाल बे सर्जा, चाल घरी!" आणि जोर लावून कासरा ओढला.

मी मागचे दोन्ही पाय घट्ट रोवले.